बहात्तर अंश

हिंगण्याच्या प्लांटमध्ये रात्रपाळीला दूध दिसत नाही.
दिसते एक निळी रेघ,
पडद्यावरच्या टाकीत हळूहळू चढणारी.
पहिला आठवडाभर मला वाटायचं,
कुणीतरी रंगवून ठेवलंय हे.

बहात्तर अंश, पंधरा सेकंद.
आकडा जरा खाली आला
की झडप आपणच वळते,
दूध मुकाट मागे जातं, पुन्हा तापायला.
कुणी ओरडत नाही.
पूर्वी ती झडप नंदागवळी फिरवायचे.
तिचा अर्धगोल
त्यांच्या उजव्या मनगटावर अजून आहे,
कडं घातल्यासारखा.

ते आता गेटवर असतात. टँकरच्या पावत्या बघतात.
त्यांचं नाक म्हणे प्रयोगशाळेच्या आधी निकाल द्यायचं.
कॅनचं झाकण उघडलं, वाकले, आणि
"गाई मोहफुलं खाऊन राह्यल्या. बाजूले ठेवा."
काटोलकडचा गवळी मान खाली घालून हसायचा.

एकदा विचारलं, वाईट नाही वाटत?
"काहून वाईट? मे महिन्यात त्या बॉयलरपाशी
उभी राहून पाय एक डाव.
बाहेर सेहेचाळीस, आत त्याच्या वर.
आन् नाक का नेहमी बरोबरच असते?
एकदा सर्दी होती. सांगितलं नाही कोणाले.
दोन हजार लिटर गेलं नालीत."
मग पावतीवर शिक्का मारला. वाकडा.

पहाटे चारला धुलाई.
कॉस्टिक, पाणी, आम्ल, पाणी.
पाइप स्वतःला धुऊन घेतात,
मी हिरवे ठिपके मोजते.
एखादा लाल झाला तर पुण्याला फोन,
तिकडून झोपेतला आवाज: रिस्टार्ट करून बघा.

सकाळी वानाडोंगरीला, घरी.
हातात आमचीच पिशवी.
उकळायची गरज नाही
हे माझ्याइतकं या गल्लीत कुणाला ठाऊक?
तरी पातेलं ठेवते, गॅस लावते,
भिंतीला टेकते.
रात्रभरात पस्तीस हजार लिटर,
थेंब सांडला नव्हता.

जाग येते ती वासानं.
शेगडी विझलेली, ओट्यावरून
एक पांढरी धार उतरत
माझ्या पायाच्या अंगठ्याशी थांबलेली.
कोमट.
असं असतं तर हे.

आतून आई: "काय जळून राह्यलं वं?"
काही नाही, म्हणते,
आणि तिथंच उभी राहते,
फडकं समोर असून.