करपट

आधी वाटलं, कोटालाच लागलाय
सकाळच्या फोडणीचा.
मग हॅलिफॅक्सच्या त्या नेहमीच्या चढावर, लाल सिग्नलला,
हीटरच्या जाळीतून पुन्हा आला:
रिकामी कढई गॅसवर विसरावी तसा,
जाडसर, टाळूला चिकटणारा.

हेरंब म्हणाला, मला नाही येत.
हेरंबला काहीच येत नाही. दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापानं
नेलेलं नाक अजून परत केलेलं नाही.
दूध नासलं की मी सांगायचं,
त्याचा शर्ट धुवायला झालाय हेही मीच.
तरी म्हणाला, तुझं आपलं नाकानं कांदे सोलणं.

गाडी पळत असली की नाही. थांबली की येतो.
चढ चढून आल्यावर जास्त, गार इंजिनाला मुळीच नाही.
गोडसर नाही, म्हणजे कूलंट नव्हे.
जळक्या कागदाचा नाही, म्हणजे क्लच वाचला.
पेशंटचं लिहिते तसं लिहून काढलं,
केव्हापासून, कशानं वाढतं, कशानं उतरतं.
डिपस्टिक पुसली, बुडवली, काढली:
तेल खालच्या खुणेच्या केसभर वर,
आणि गाडीखाली जमिनीवर एक डाग नाही.
कुठंतरी पाणी मुरतं म्हणतात.
इथं तेल.

समोरच्या दारातून मॉरीन सटक्लिफ आली,
रस्ता ओलांडून, सपाता तशाच.
बत्तीस वर्षं बस डेपोत. त्यातली पहिली सहा
तिच्याकडून फक्त चहा करून घेतला.
तिनं मला विचारलं नाही, खरंच येतो का वास.
बॉनेट उचललं, डोळे मिटले, मान जराशी डावीकडे.
"अगं, हा तर मला माझ्या उंबऱ्यापर्यंत येतोय."

मी टॉर्च शोधत राहिले.
तो माझ्या हातातच होता.

व्हॉल्व्हच्या झाकणाची मागची कड.
ओलसर, काळी, धूळ खाऊन साईसारखी जाड झालेली.
तिथून थेंब सुटतो, खाली तापलेल्या पाइपावर पडतो
आणि जमीन बघायच्या आत धूर होतो.

नवं गॅस्केट पोस्टानं आलं, गुंडाळलेलं, पापडाच्या लाटीएवढं मऊ.
जुनं बोटात धरताच काडकन मोडलं.
पण मॉरीनचं लक्ष तिसरीकडेच.
झाकणातलं एक छिद्र दाखवलं, बुजलेलं.
"आतली वाफ जाणार कुठून? मग ती कडा फोडते.
नुसतं रबर बदललंस तर वर्षानं पुन्हा माझ्याच दारात येशील."
हेरंबच्या जुन्या टूथब्रशनं मी ते छिद्र घासलं,
तासभर,
गरजेपेक्षा जरा जोरातच.

बोल्ट मधून सुरू करायचे, मग बाहेर, फुलीफुलीनं.
आठ न्यूटन-मीटर. पाना कट् म्हणाला की थांबायचं.
मी अजून एक वेढा द्यायला गेले,
तिनं हातावर चापट मारली.
पैसे नको म्हणाली. दर मंगळवारी बाजाराला ने म्हणाली.

पहिला मंगळवार. तोच चढ, तोच लाल दिवा,
आणि जाळीतून तोच वास.
माझ्या पोटात गोळा.
मॉरीन शेजारच्या सीटवर, पर्स मांडीवर, शांत:
"पाइपावरचं जुनं तेल आहे ते.
जे सांडलं ते जळून संपायला नको? आठ दिवस दे."

मागच्या सीटवर हेरंब, रिकाम्या पिशव्या सांभाळत.
काच खाली केली, वर केली.
"अजून येतोय?"
येतोय.
"कसा?"

असं त्यानं कधी विचारलं नव्हतं.
मी शब्द शोधत बसले. करपट, पण कालच्याहून पातळ,
तळाशी लागलेला भात वरून काढून घ्यावा तसा,
नाही, तसाही नाही, थांब,
आणि दिवा हिरवा झालेला,
आणि मागचा माणूस हॉर्न वाजवतोय.