नुसते कर

अ‍ॅलेक कर, असं त्यांनी सांगितलं हर्णै बंदरात उतरताना,
मचव्यातून एक पाय आधी, मग हाताने उचलून दुसरा.
जकातीच्या कारकुनाने टाक थांबवला :
कुठले कर?
आंजर्लेकर, केळशीकर, मुरूडकर,
कर म्हटलं की अगोदर गाव लागतं.
जस्ट कर, म्हणाले साहेब.
कारकुनाने लिहिलं : नुसते कर.

साल सव्वीस. स्टीमर कंपनीच्या लाँचची इंजिनं बघायला आले होते.
ग्लासगोजवळच्या कुठल्याशा गोदीच्या गावात
डाव्या बगलेवरून धावायचे म्हणे,
वीस हजार माणसं टोप्या उडवायची.
आमच्या अख्ख्या तालुक्यात तेवढ्या टोप्या नसतील.
मग फ्रान्स. मग गुडघा.
गुडघ्याबद्दल सांगत.
फ्रान्सबद्दल विचारलं की तेलाचा डबा शोधायला लागत.

मैदान म्हणजे ओहोटी.
पंचांग बघून सामना लावायचा.
अमावास्येच्या संध्याकाळी नजर पोचणार नाही एवढं,
अष्टमीला अंगणाएवढं,
आणि कॉर्नर घ्यायचा तर घोटाभर पाण्यातून.
एक गोल बोंबलांच्या वलांडीचा,
दुसरा दोन वल्ही रोवून.
मी अकरा वर्षांचा, लाईन्समन,
हातात बावट्याचा फाटका तुकडा.
ऑफसाइड मला आधी कळला, त्रैराशिक नंतर.

स्वतः ते चेंडूला पाय लावत नसत.
एकदा वाळूत काठीने इंग्रजी डब्ल्यू काढला, खाली एम,
प्रत्येक टोकावर एकेक शिंपला.
इसाक परकार वाकून बघत म्हणाला,
ह्यां तर जाला टाकल्यावानी दिसतंय,
पन मधे भोक ऱ्हायलाय.
साहेबांनी पायाने सगळं पुसलं
आणि काठी इसाकच्या हातात दिली.
तेव्हा मला वाटलं, साहेबांना येत नाही.

बारा-तेरा वर्षांत कप एकच.
चौतीस साली, रत्नागिरीला, पोलिसांच्या संघावर,
एक-शून्य,
तोही धाकू पावसेच्या पाठीला लागून आत गेलेला.
तो शेवटपर्यंत म्हणे, पाठ मुद्दाम वळवली.
तिथल्या कारकुनाला नावाआधीची रिकामी जागा बघवेना,
त्याने प्रमाणपत्रावर लिहिलं :
मॅनेजर, श्री. अ. दापोलीकर.
गाव तीन दिवस धुमसत होतं.
दापोलीकर! दापोलीला समुद्र तरी आहे का?
साहेबांनी मात्र तो कागद चौघडी करून
पाकिटात ठेवला,
आणि कोणी मागितला तरी दाखवला नाही.

एक सांगायचं राहिलं.
खेळ तापला की ते लखमा दोरकुळकरला
जॉक म्हणून हाक मारायचे.
जॉक, मागे बघ! जॉक, सोड त्याला!
लखमाने पहिल्यांदा इकडेतिकडे पाहिलं.
दुसऱ्यांदा मागे पाहिलं.
तिसऱ्यांदा ओ दिली.
पुढे तो डाव्या हाफला जॉकच राहिला,
भांडण झालं की बायकोसुद्धा तेच म्हणायची,
आणि त्याने एकदाही विचारलं नाही
जॉक कोण होता,
कुठे राहिला.

एकोणचाळीसच्या सप्टेंबरात बंदर उघडलं.
पहिल्याच बोटीने पाचजण निघाले मुंबईला,
मोठ्या जहाजांवर खलाशी.
इसाक त्यात. लखमाही.
साहेबांनी लाँच स्वतः नेली बोटीपर्यंत,
एकेकाला शिडीवर हात दिला,
लखमाचं बोचकं शेवटी, वर फेकून.
मी होतो दोर धरायला.
परतताना त्यांनी मध्येच इंजिन बंद केलं.
बिघाड नव्हता.
हलत राहिलो पाण्यावर, सुवर्णदुर्गाच्या तटाशी.
ते मोजत होते, मोठ्याने, मराठीत,
एक, दोन, सहापर्यंत,
आणि पुन्हा एकपासून.

मी किनाऱ्याकडे पाहिलं.
मैदान वर यायला लागलं होतं.
वल्ही कोणी रोवली नव्हती.