एकोणिसावी प्रत

बझाँसों शहराला दू नदी वळसा घालते
तशी मस्य पेर्द्रिझेंची वाक्यं :
निघाली तिथंच जवळपास परत,
मधलं सगळं गाव भिजवून.
मी ती टाइप करायची. पानाला तीन फ्रँक,
कार्बनचा खर्च माझा.

पहिल्या दोन कादंबऱ्यांत माणसं नुसती दारं उघडायची,
सूप प्यायची, भावाची जमीन लुबाडायची.
मग दोलच्या वेड्यांच्या इस्पितळातून
डॉक्टर मार्मिए येऊ लागले दर मंगळवारी,
आणि कागदावर कुणालाच
साधं दार उघडता येईना.
दाराआड आई. आईआड कपाट.
कपाटात कधीकाळी कोंडलेला एक मुलगा.
"कुठंतरी पाणी मुरतंय," डॉक्टर म्हणायचे
आणि भिंत खणायला घ्यायचे.

गुरुवारी प्राध्यापक ब्युशो.
कोटाच्या खिशात भाजलेले चेस्टनट,
लिसेतून काढून टाकलेले; का, ते मला कधी कळलं नाही.
ते म्हणायचे, भिंत राहू दे.
माणूस दाराशी उभा आहे
आणि मागं फिरू शकतो,
एवढंच लिहून दाखव.
सालं राखदाणीत टाकायचे.
शुक्रवारी ती मी काढायची.

माझे वडील घड्याळजी.
त्यांना हे सगळं सांगितलं
तर डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले,
उघडलं म्हणून घड्याळ थांबत नाही,
चालतंच की.
फक्त धूळ जाते आत.

तेओदोरीन बातांच्या पुलावर जाते,
तिसऱ्या कादंबरीतलं ते पान
मी अठरा वेळा टाइप केलं.
मंगळवारी ती जायची कारण तिचा भाऊ,
ती सात वर्षांची असताना, याच पाण्यात.
गुरुवारी भाऊच नसायचा.
ती असायची, कठडा असायचा,
आणि परतीची वाट
पुढच्या वाटेइतकीच लांब.
एकदा दोघांचं मन राखायला गेले
तर बिचारी पुलाच्या मधोमध
चार पानं विचार करत राहिली,
पावसात, छत्रीशिवाय.
त्या रात्री मला झोप लागली नाही.
कागदावरची बाई, पण पायात ओले मोजे.

फेब्रुवारीत वडील गेले.
माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी मी कामावर हजर,
कारण भाडं.
हे कारण उकरावं लागत नाही.
पेर्द्रिझे दार उघडून उभे होते.
मला चेहरा दाखवायचा नव्हता,
म्हणून उंबऱ्यावरच वाकले,
बुटाच्या बंदाशी उगीच चाळा करत राहिले
डोळे निवळेपर्यंत.
ते म्हणाले, "सावकाश."
बस. एवढंच म्हणाले.

आठवड्याने हातात पडली एकोणिसावी प्रत.
ना डॉक्टर तिच्यात, ना प्राध्यापक.
तेओदोरीन पुलावर येते.
ती वाकते, कारण तिच्या बुटाचा बंद सुटला होता.
मग सरळ होते, घरी जाते,
कांदे चिरायला घेते.

बंद सुटला नव्हता.
तीस वर्षं मनाचे तळ ढवळणारा माणूस,
माझ्यापासून दोन हातांवर उभा,
त्यानं बूट पाहिला.
(चांगला पाहिला, हेही खरं.
पिवळ्या दोऱ्याचा टाका सुद्धा आला होता लिहिण्यात.)

मी टाइप केलं : ती वाकते. पूर्णविराम.
पुढचे सहा शब्द गाळले,
अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

त्यांनी प्रत तपासली माझ्यासमोर.
पेन्सिल त्या जागेवर आली,
थांबली.
बाहेर कुणीतरी कोळशाची गाडी रिकामी करत होतं.
मग पेन्सिल खाली सरकली
आणि कांद्यांपुढचा एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

शनिवारी हिशेब झाला.
त्या पानाचेही तीन फ्रँक दिले.