डाव्या पायाचं काम

ब्रेंडा क्रॅबट्री, वय शहात्तर.
डावा गुडघा नवा, तीन आठवड्यांचा.
हॅलिफॅक्सच्या इस्पितळात माझ्यासमोर बसल्या,
आणि मी फॉर्मवरचा पहिला प्रश्न विचारला:
बरं झाल्यावर काय करता यायला हवं?

लोक सांगतात जिना. कुणी बाग.
एक गृहस्थ म्हणाले होते, चर्चमध्ये गुडघे टेकणं.
ह्या म्हणाल्या, "क्लच."

मी हसले. म्हटलं, ऑटोमॅटिक घ्या की,
डाव्या पायाला जन्माची सुट्टी.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी त्यांना चमच्यानं भरवायला निघाले होते.
"तसल्या गाड्या जत्रेत असतात,
एकमेकींवर आपटायला."

बत्तीस वर्षं त्यांनी फिरतं वाचनालय चालवलं.
पुस्तकांनी भरलेली व्हॅन, उघडा माळ, मेंढ्या,
आणि जिथं बस पोचत नाही अशी सात खेडी.
बर्फात उतरायचं तर दुसऱ्या गिअरवर,
ब्रेकला पाय लावायचा नाही,
नाहीतर रहस्यकथा, पाककृती आणि ब्रेंडाबाई
सगळंच दरीत.
"उतारावर इंजिन धरून ठेवतं गं.
पण त्याला सांगावं लागतं.
आपणहून कोण धरतंय?"

मग मी येता-जाता विचारत सुटले.
पोर्टर केविन म्हणाला, स्वस्त पडते, दुसरं काय.
नर्स शेनीस म्हणाली, ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलीस
तर मॅन्युअलला हात लावायची सोय नाही.
लग्न आणि लायसन्स, तिचे बाबा म्हणायचे,
अर्धं घेऊ नये.
मी गप्प बसले.
माझं लायसन्स अर्धंच आहे.
चढावर गाडी मागं जाईल या भीतीनं घेतलेलं,
आणि हे गाव म्हणजे नुसता चढ.

नव्वद अंश. अठ्ठ्याण्णव. एकशे सहा.
भिंतीला वजनकाटा टेकवून उभा केला,
त्यावर त्या तळवा रोवायच्या, ओठ आवळून:
सात किलो, नऊ किलो,
एका मंगळवारी पुन्हा सहा.
उजवा पाय शेजारी आयता बसलेला.
मी डावं-उजवं करत नाही,
पण त्या दिवशी मला त्याचा रागच आला.

सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी हो म्हटलं.
पार्किंगमध्ये त्यांची विटकरी रंगाची छोटी गाडी,
दार उघडं धरून म्हणाल्या, बस शेजारी.
माझा हात उचलून गिअरच्या दांड्यावर ठेवला,
वर स्वतःचा. थंडगार, सुरकुतलेला, ठाम.
"बघ हं. डोळ्यांनी नाही."
पाय सावकाश वर आला.
आधी काहीच नाही. मग दांड्यात बारीकशी थरथर,
बॉनेटनं जरा मान उचलली,
इंजिनाचा आवाज खाली बसला.
"आता," त्या म्हणाल्या. "आता चावलं."

आई पाकाची तार अशीच बघायची.
अंगठा आणि तर्जनी, मध्ये एक थेंब,
घड्याळाकडे पाठ.
मी वही-पेन घेऊन शेजारी उभी: किती मिनिटं?
ती म्हणायची, आता.
मला कधी कळलं नाही कुठलं आता.
मी तयार पाकिटातले गुलाबजाम करते.

हे ब्रेंडाबाईंना कसं सांगायचं कळेना,
म्हणून नुसतं म्हटलं, हो, लागलं हाताला.
त्यांनी हात काढून घेतला
आणि मला खाली उतरवलं. पुढचा पेशंट थांबला होता.

खिडकीतून सॉल्टरहेबलचा चढ दिसतो.
लाल सिग्नल, मागं लॉरी चिकटून उभी,
आणि मध्ये ती विटकरी गाडी.
हिरवा झाला. एक क्षण ती हललीच नाही.
लॉरीनं हॉर्न दिला, मेल्यानं.
मग निघाली, बोटभरही मागं न येता.
पहिला. दुसरा.
तिसरा जरा रेंगाळला,
आणि इथं लिनोलियमवर
माझा डावा पाय आपसूक दाबला गेला.