चौथा सिलिंडर

कारूच्या माळावर जानेवारीत सावलीसुद्धा तापते.
शेडच्या पत्र्याखाली टीलमन उकिडवा,
काउलिंगच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातलेला,
अडलेल्या मेंढीच्या पोटात घालतो तसा.

नऊ वर्षं लागली हे विमान बांधायला.
पंखांच्या फासळ्या जेवणाच्या टेबलावर चिकटवल्या,
त्या नाताळात आम्ही उभ्यानेच जेवलो.
आता ते उडतं.
उडतं, पण अकरा मिनिटं.
बाराव्या मिनिटाला चौथ्या सिलिंडरचा काटा
तांबड्या रेघेला जाऊन टेकतो
आणि टीलमन परत येतो,
शाळेतून लवकर घरी धाडलेल्या पोरासारखा.

त्याने पुढची भोकं मोठी केली.
काटा हलला नाही.
आणखी मोठी केली.
काटा वर गेला.
चाळीस वर्षं पवनचक्क्या दुरुस्त केलेला माणूस,
मेंढ्या कुठे तोंड करून बसल्यात त्यावरून
उद्याचा वारा सांगणारा,
तो वाऱ्यावरच रुसला:
एवढं दार उघडलं, आणखी काय हवंय याला?

मी म्हटलं, माझी चूल धुमसते ना,
तेव्हा मी लाकडं सारायच्या दाराशी झटत नाही.
धुराड्यात पाखरांनी काय भरून ठेवलंय ते आधी बघते.
आत येणाऱ्याला बाहेरची वाट लागते, टीलमन.

तो काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी पारदर्शक नळीत
बिटाच्या रसाचं पाणी भरलं,
एक टोक इंजिनाच्या वर, एक खाली.
मला शेजारी बसवलं. हेस्टर, वाच.
वर आकाश, खाली आमचंच छप्पर,
आणि मी मांडीवरच्या लाल पाण्याची उंची ओरडत होते:
चार बोटं! साडेतीन! परत चार!
सहा हवी होती.

त्या रात्री लोडशेडिंग.
त्याने पेटती बॅटरी काउलिंगच्या तळाशी सोडली,
झाकण लावलं,
आणि आम्ही पुढच्या भोकांना एकेक डोळा लावला.
अरे देवा.
जिथे जिथे वारा पळत होता तिथे तिथे उजेड.
स्क्रूभोवती ठिपके, कोपऱ्यात धारा,
आणि चौथ्याच्या मागे, रबराची पट्टी उलटी दुमडलेली,
तिथे चांगली नखाएवढी चंद्रकोर.
तापलेल्या पात्यांतून अंग चोरत कोण जाईल,
बाजूने बोळ असताना?
मीही गेले नसते.

पहाटेपर्यंत सिलिकॉन भरत बसलो,
मी धरायची, तो दाबायचा.
मग खालच्या ओठाला
बिस्किटांच्या जुन्या डब्याचा पत्रा ठोकून
बाहेरची वाट तीन बोटं रुंद केली.
पत्र्यावर अर्धी गाय अजून दिसते.

बारावं मिनिट.
मी काट्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं
आणि फक्त काट्याकडेच बघत होते.
तेरावं. विसावं.
नदीचं कोरडं पात्र आलं, गेलं,
त्याने दुरुस्त केलेल्या सात पवनचक्क्या
एका ओळीत फिरताना दिसल्या.
चौथा बाकीच्यांपेक्षा बारा अंश गरमच होता.
चढ घेताना नाक जरा खाली धरावं लागतं,
इतकंच.

त्या आठवड्यात मी गावातून परतले
तर टीलमन स्वयंपाकघराच्या छपरावर, काजळीने माखलेला.
धुराड्यातून घरटं निघालं म्हणाला.
दोन निघाली.