चार मिनिटं मागं

चाळीस वर्षं भिंग डोळ्याला लावून बसलोय
भाऊसिंगजी रोडला, जिन्याखालच्या दुकानात.
घड्याळाची वेळ लावून देतो, असं फळीवर लिहिलंय.
पण वेळेवरून जागा सापडते
हे मला बिल्कीसनं सांगितलं, परवा,
रंकाळ्याच्या काठावर मोबाइल धरून.

"चाचा, वरचे उपग्रह वाट-बिट दावत न्हाईत.
त्यांचं आपलं एकच टुमणं:
मी अमका, आत्ता हितं हाय,
आन् माझ्या घड्याळात इतकं वाजल्यात."
वीस हजार किलोमीटरवरनं मारलेली हाक,
खाली पोचेस्तोवर तिला उशीर होतो,
पापणी लवते त्याहून कमी,
पण होतो.
त्या उशिराला प्रकाशाच्या वेगानं गुणायचं.
झालं अंतर.

एकाचं अंतर म्हणजे एक अवाढव्य फुगा,
त्याच्या सालीवर आपण कुठंही.
दुसरा फुगा त्याला कापतो, तिसरा दोघांना.
उरतात दोन ठिपके;
एक भलतीकडे आभाळात, तो सोडून द्यायचा.
"मग चौथा उपग्रह कशाला?"
"मोबाइलातलं घड्याळ स्वस्तातलं, चाचा.
चौथा त्याची चूक काढतो."

मी मनगट बाहीत ओढून घेतलं.
अब्बांचं घड्याळ. सकाळी लावावं,
तर संध्याकाळी चार मिनिटं मागं.
गावाची नीट केली, हे तसंच ठेवलंय.

वरची घड्याळं मात्र पुढं पळतात.
तिथं जमिनीची ओढ कमी,
म्हणून पाठवतानाच मुद्दाम मंद करून पाठवतात.
हे मला लगेच कळलं.
तालमीतल्या पोराचं घड्याळ मीही तसंच लावतो,
हाताच्या हिसक्यांचा हिशेब आधीच धरून.
"न्हाईतर," ती म्हणाली, "उद्यापर्यंत
आपण तळ्याच्या मधोमध उभं दिसू."

मोबाइल म्हणाला: पोचलात.
तिथं काहीच नव्हतं.
दगडी बांध, शेवाळ, शेंगांची टरफलं.
"चार-पाच मीटर इकडंतिकडं हुतंय," बिल्कीस म्हणाली,
"हितनं पुढं उपग्रहाचं काम संपलं."
आम्ही दोघं गुडघ्यावर. भेळवाला लांबून ओरडला,
"काय हरवलं काय ओ?"
"हरवलं न्हाई. कुणीतरी ठेवलंय."
त्यानं डोकं खाजवलं, कांदा चिरत राहिला.

बोटांना आधी कळलं.
एक दगड इतरांपेक्षा सुका.
मागं फिल्मच्या रोलची काळी डबी,
आत सुरळी केलेला कागद आणि एक शर्टाचं बटण.
सात नावं. कुणी इचलकरंजीचा,
कुणी पुण्याची, एक सही पावसानं विरघळलेली.
रिवाज असा: काही घेतलं तर काही ठेवायचं,
नाव घालायचं,
आणि डबी होती तशी लपवायची, बघ्यांची नजर चुकवून.

बटण मी घेतलं. ठेवला
खिशातला एक सेकंदकाटा, बारीक, निळा.
नाव लिहिलं: दस्तगीर शिकलगार. तारीख.
वेळ, सहा बावीस.
"चाचा, सव्वीस झाल्यात."
"असू दे. पुढचा येईल
तो काढंल की, मी किती लांब हाय ते."

मग भेळ खाल्ली.
भेळवाल्याला काहीही सांगितलं नाही.