घडी

रास अल खैमातल्या हॉटेलाच्या तळघरात
समुद्र दिसत नाही,
पाहुण्यांच्या टॉवेलांतून त्याची वाळू तेवढी येते.
तिथे आम्ही तिघं चादरींच्या घड्या घालतो:
मी, म्हसळ्याचा नजीर मुकादम,
यामिलेथ कोलंबियाची,
आणि इलिंका, रोमानियातल्या ब्राइला गावची.
तिघांचं इंग्रजी तीन ठिकाणी उसवलेलं.

मोठ्या पलंगाची चादर एकट्याला आवरत नाही.
चार टोकं दोघांनी धरायची,
लांब उभं राहून झटका द्यायचा,
मग चालत यायचं एकमेकांकडे,
कोपऱ्याला कोपरा.
एकाने हातातलं दुसऱ्याच्या हाती सोडायचं
आणि वाकून लोंबती दुमड उचलायची.
दिवसाला दोनशेदा आम्ही असे भेटतो.

एका गुरुवारी इलिंका म्हणाली, "प्लेक."
निघाले. करार संपला, शनिवारचं विमान.
तिकडे यामिलेथ फोनवर लेकीला समजावत होती,
"या येगो, या येगो,"
म्हणजे ही काय, पोचलेच
(पोचणार होती पुढच्या नाताळात).
इलिंका हसली. "तुझं येगो आणि माझं प्लेक
सख्ख्या बहिणी आहेत, माहीत आहे?"
तिचे वडील शाळेत लॅटिन शिकवायचे.
उशीचा अभ्रा हातात घेऊन तिने दाखवलं:
प्लिकारे. दुमडणे. एवढंच होतं आधी.
पश्चिमेच्या खलाशांनी किनारा गाठून शीड दुमडलं,
त्यांच्याकडे दुमडणं म्हणजे पोचणं.
आमच्याकडच्या शिपायांनी पहाटे तंबू दुमडला,
आमच्याकडे दुमडणं म्हणजे निघणं.
इटलीत म्हणे अजून नुसतं कापड दुमडतात,
पिएगारे,
ना कुठे येणं, ना कुठे जाणं.

"असं म्हणतात," ती पुढे म्हणाली, "वडीलही
'असं म्हणतात' म्हणूनच सांगायचे."
बरोबरच आहे. शब्दांचे पासपोर्ट
कुठल्या कंपनीच्या तिजोरीत असतात?

मग मलाही सांगावंसं वाटलं
की आमची घडी कापडाची, तशी काळाचीही,
चोवीस मिनिटांची.
(ड्रायरचा फेरा चाळीसचा, ती गोष्ट वेगळी.)
संसाराची घडी बसावी म्हणून मी इथे आलो,
अकरा वर्षं झाली, बसतेय अजून.
बॅगेत परवाच्या ईदचा सदरा आहे,
त्याची घडी घरी जाऊन मोडायची.
यातलं इंग्रजीत काहीच जमेना.
एवढंच म्हणालो: आमच्यात उंबऱ्यावर
"जातो" म्हणत नाहीत. "येतो" म्हणतात.
"म्हणजे परत कधी येतोस?"
तसं नाही, म्हटलं.
"मग येत नाहीस?"
तसंही नाही.
यामिलेथ म्हणाली, "या येगो!"
आणि ड्रायर वाजला.

शनिवारी इलिंका दारात उभी राहिली,
बॅगेचं एक चाक तुटलेलं.
गणवेश तिने घडी करून टेबलावर ठेवला,
बाही आत, कॉलर वर, मी शिकवली तशी.
"येतो," ती म्हणाली.
मी दुरुस्त केलं नाही.

दोन दिवस मधली दुमड हनुवटीखाली धरून
एकट्यानेच चादरी ओढल्या,
घड्या वाकड्या आल्या.
तिसऱ्या दिवशी नेपाळचा एक पोरगा आला,
नाव तिलक, हात अजून थंड.
त्याच्या हाती दोन टोकं दिली.
"लांब जा," म्हटलं.
"अजून लांब.
हां. आता ये."